दाराचे कान, दाराचे हात

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठल्याबरोबर दोन गोष्टी विचारतात: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले? राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की ते पाण्याच्याच जोरावर उघडतात. त्यासाठी माणसाला बटण दाबावं लागत नाही, की वीज लागत नाही. संकटाच्या वेळी दरवाजाने काय करायचं, हे तो बसवतानाच ठरलेलं आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात कार्डावर उघडणारं दार बसवायचं, तर वायरमनपुढे पहिला प्रश्न हाच असतो. लाइट गेली तर हे दार उघडं पडायला हवं, की बंद राहायला हवं?

भिंतीवर कार्ड रीडर, चौकटीच्या माथ्यावर ईएम लॉक, आतल्या बाजूला एक्झिट बटण आणि छतालगत पत्र्याच्या पेटीत कंट्रोलर व बॅटरी, एवढाच हा संसार. पाहणाऱ्याला वाटतं, कार्डाने दार उघडलं. कार्ड फक्त आपला नंबर सांगतं. उघडायचं की नाही ते कंट्रोलर ठरवतो. त्या पेटीत स्क्रूंच्या दोन रांगा असतात. एक इनपुटची, म्हणजे कंट्रोलरचे कान. दुसरी आउटपुटची, म्हणजे त्याचे हात.

आधी हात पाहू. आउटपुट म्हणजे रिले, विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, आणि त्याला तीन टर्मिनल असतात: कॉमन, एनओ (एरवी तुटलेलं) आणि एनसी (एरवी जुळलेलं). ईएम लॉक हा विद्युतचुंबक. एका झडपेच्या दाराला सर्रास वापरला जाणारा लॉक सुमारे २८० किलोच्या ताकदीने लोखंडी पट्टी धरून ठेवतो आणि त्यासाठी १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर करंट सतत ओढतो. म्हणून त्याची वायर कॉमन आणि एनसीमधून न्यायची. रिले शांत असेपर्यंत करंट चालू आणि दार धरलेलं. कार्ड पटलं की रिले ‘टक्’ करतो, करंट तुटतो, दार सुटतं. वीज गेली आणि बॅटरीही संपली तरी ते सुटतंच. याला फेल-सेफ म्हणतात. स्ट्राइक लॉक बहुधा याच्या उलट वागतो: करंट मिळाला तरच उघडतो, म्हणून तो एनओवर बसतो आणि वीज गेल्यावर बंदच राहतो. हा झाला फेल-सिक्युअर. एका स्क्रूची चूक झाली तर दार कार्ड दाखवल्यावर बंद होतं आणि एरवी दिवसभर उघडं राहतं.

याच जोडणीत चहाच्या कपापेक्षा स्वस्त अशी एक वस्तू असते: वन-एन-४००७ हा बोटाच्या पेराएवढाही नसलेला काळा डायोड. चुंबकाचा करंट एकदम तुटला की कॉइल उलट्या दिशेने मोठ्या व्होल्टेजचा झटका मारते. त्या ठिणगीने रिलेचे काँटॅक्ट करपतात, चिकटतात, कधी कंट्रोलरच रीसेट होतो. लॉकच्या दोन वायरींमध्ये डायोड आडवा घातला की झटका तिथेच जिरतो. त्यावरची चंदेरी पट्टी प्लसकडे हवी. उलटा लागला तर थेट शॉर्ट.

आता कान. दाराच्या वरच्या कडेला चुंबक आणि चौकटीत सेन्सर. दार मिटलं की सेन्सरचा काँटॅक्ट जुळतो. पण कोणी दोन्ही वायरी सोलून एकमेकींना जोडल्या, तर कंट्रोलरला दार कायम मिटलेलंच दिसेल. यावरचा उपाय म्हणजे हजार ओहमचे दोन रेझिस्टर: एक वायरीच्या ओळीत, दुसरा काँटॅक्टला समांतर. दार मिटलं की पेटीकडून हजार ओहम मोजले जातात, उघडलं की दोन हजार. वायर तुटली तर अमर्याद, शॉर्ट केली तर शून्य. एकाच जोडीतून आता चार बातम्या येतात. मात्र हे रेझिस्टर सेन्सरपाशीच बसले पाहिजेत. शिडीवर चढायचा कंटाळा करून ते पेटीत बसवले, तर मधल्या सगळ्या वायरीवरची राखण गेली.

दाराने आत येणाऱ्याला अडवावं, बाहेर पडणाऱ्याला नाही. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली तेव्हा जिन्याकडचं एक दार कुलूपबंद होतं. त्या आगीत १४६ कामगार गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. भारताची २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. म्हणून जाणकार वायरमन फायर अलार्मचा काँटॅक्ट केवळ कंट्रोलरच्या इनपुटवर सोडत नाही. तो लॉकच्या पुरवठ्याच्या वायरीतच घालतो, काच फोडायची हिरवी डबीही त्याच ओळीत. कंट्रोलर हँग झाला तरी माणूस बाहेर पडलाच पाहिजे.

गुजरीसारख्या सराफ पेठेतली गरज वेगळी. तिथे इंटरलॉक कामाला येतो: पहिलं दार मिटल्याची खबर सेन्सरने दिल्याशिवाय दुसऱ्याचा रिले हलत नाही. पन्हाळ्याचा तीन दरवाजा पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एकामागोमाग दारं आणि मध्ये चौक. आत आलेला माणूस आधी नजरेखाली येतो, मग पुढे जातो. मात्र आगीच्या वेळी इंटरलॉकची ही दोन्ही दारं एकदम सुटायला हवीत.

सगळं बरोबर जोडूनही लॉक ढिला धरतो, तेव्हा वायरीची जाडी तपासावी. पेटीपासून दार ४० मीटरवर असेल तर करंटला जाऊन-येऊन ८० मीटर धावायचं असतं. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तेवढ्या अंतराला तीन ओहमच्या आसपास विरोध होतो आणि अर्ध्या अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बारातले साडेदहाच दारापर्यंत पोचतात. दुप्पट चौरस मिलिमीटरची वायर ओढली की ही घट निम्मी होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर शहराचे कित्येक भाग दिवसेंदिवस अंधारात होते. पेटीतली ७ अँपिअर-अवरची बॅटरी लॉक, रीडर आणि कंट्रोलर मिळून फार तर सहा-सात तास ओढते. त्यानंतर ईएम लॉक सुटणारच. म्हणून गोदामाला किंवा रोकड ठेवायच्या खोलीला किल्लीचं कुलूपही ठेवावं लागतं आणि पेटी पुराच्या रेषेच्या वर बसवावी लागते.

काम सोपवताना वायरमन मालकाला दारासमोर उभं करतो आणि मेन स्विच पाडतो. बॅटरीवर लॉक धरलेला आहे, हे तो दार ओढून दाखवतो. मग पेटी उघडून बॅटरीची तांबडी वायर काढतो. लॉकची पट्टी सुटल्याचा बारीक आवाज येतो आणि तो मालकालाच म्हणतो, ‘‘साहेब, आता तुम्ही ढकलून बघा.’’