शेतकऱ्याचें दप्तर व क्लाउडची वखार

शहाणा शेतकरी पेरणीचें सर्व बियाणें एकाच कणगींत भरीत नाहीं. एका कणगीस ओल लागली तर दुसरीवर पेरणी साधते, हें तो जाणतो. परंतु घरच्या कागदपत्रांच्या बाबतींत हीच दूरदृष्टि क्वचित् दिसून येते. खरेदीखतें, मोजणीचे नकाशे, कारखान्याच्या वजनपावत्या हें सारें दप्तर बहुधा एकाच पत्र्याच्या पेटींत असतें. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा-पंचगंगेचें पाणी सांगली-कोल्हापुराकडील घरांत शिरलें. जुलै २०२१ मध्यें चिपळूण बुडालें. अशा वेळीं पेटी पाण्याखालीं गेली, म्हणजे पिढ्यांचा पुरावा चिखलांत जातो. सबब नकला क्लाउडवर ठेवण्याच्या सोयीचा विचार आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

क्लाउड या नांवावरून नकला आभाळांत राहतात असें कोणीं समजूं नये. मोबाइलवर काढलेलें छायाचित्र इंटरनेटवाटे दूरच्या एका इमारतींत जातें व तेथील संगणकांच्या डिस्कवर सांठविलें जातें. अर्थात् ही परक्याची वखारच होय. मोबाइल विहिरींत पडला तरी नव्या मोबाइलवर आपलें खातें उघडतांच नकला परत हातीं येतात; शिवाय बँकेंत किंवा कचेरींत, जेथें असूं तेथें, कागद दाखवितां येतो. गूगलच्या खात्यांत १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. एका छायाचित्रास ३ एमबी धरल्यास तींत सुमारें ५,००० पानें मावतील. मात्र ई-मेल व घरगुती छायाचित्रेंही त्याच जागेंत मोजलीं जातात.

आतां प्रथम काय ठेवावें ? सरकारी कागदांची चिंता त्या मानानें कमी. डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रांत २०१८ पासून शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरींतून काढतां येते. केंद्र सरकारचें डिजिलॉकर २०१५ पासून चालू असून, त्यांत संबंधित खात्याकडून थेट आलेला दाखला नियमानें मुळाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः चढविलेल्या छायाचित्रास तो मान नाहीं. परंतु भावाभावांच्या देण्याघेण्याचीं टिपणें, जुन्या पावत्या, पिकांच्या खर्चाच्या वह्या यांची दुसरी प्रत कोणत्याच दप्तरांत नसते. म्हणून छायाचित्र आधीं यांचें काढावें. मूळ कागद मात्र जपलाच पाहिजे.

वखारीवर आंधळा विश्वासही नको. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच कंपनीची अशी एक इमारत आगींत नष्ट झाली, आणि ज्यांनीं दुसरीकडे नक्कल ठेविली नव्हती अशा कित्येक गिऱ्हाइकांची माहिती कायमची गेली. तसेंच कित्येक सोयींत मोबाइल व वखार एकमेकांशीं जुळलेलीं असतात. एकीकडे पुसलें तें दुसरीकडेही पुसलें जातें. गूगल ड्राइव्हमधून काढलेला कागद टोपलींत ३० दिवस राहतो, मग नाहींसा होतो. दोन वर्षें न वापरलेलें खातें गूगल काढून टाकूं शकतें. यासाठीं एक प्रत क्लाउडवर, दुसरी पेनड्राइव्हवर व तीही निराळ्या घरीं, अशी व्यवस्था करावी.

सर्वांत नाजूक गोष्ट किल्लीची. पासवर्ड एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यांत राहिला, तर त्याच्या माघारीं घरच्यांस वखार असून नसल्यासारखी होते. तो बंद लखोट्यांत घालून घरच्या एका विश्वासू माणसापाशीं द्यावा. ओटीपी मात्र परक्या कोणासही सांगूं नये.

पावसाळ्यापूर्वीं घर शाकारण्याचा आपला जुना प्रघात आहे. त्याच दिवसांत एक दुपार काढून दप्तराच्या नकला कराव्या, आणि गेल्या सालच्या नकला उघडतात कीं नाहीं हेंही पाहावें, अशी आमची वाचकांस सूचना आहे.