देवराईचा अभ्यास आणि विद्याशाखांचे सहकार्य

पर्यावरण आणि विकास या क्षेत्रांतील संशोधनाच्या संदर्भात ‘आंतरविद्याशाखीय सहकार्य’ हा शब्दप्रयोग आता सर्रास केला जातो. संशोधन प्रकल्पांच्या प्रस्तावांत तर तो जवळजवळ अनिवार्य झाला आहे. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञाने एक प्रकरण लिहावे, अर्थशास्त्रज्ञाने दुसरे लिहावे आणि मराठीच्या प्राध्यापकाने शेवटी लोकगीतांचे परिशिष्ट जोडावे, एवढ्याने सहकार्य सिद्ध होत नाही. एका शाखेला पडलेला प्रश्न तिच्या स्वतःच्या साधनांनी सुटेनासा होतो आणि त्यासाठी दुसऱ्या शाखेच्या अभ्यासकाला सोबत घेणे भाग पडते, तेव्हा सहकार्याचा खरा प्रारंभ होतो. असा प्रश्न अनेकदा एखाद्या शब्दापाशी उभा राहतो. सह्याद्री आणि कोकण या प्रदेशांतील देवरायांच्या अभ्यासाला आता पन्नास वर्षे होऊन गेली आहेत. या अभ्यासाचा मागोवा घेतल्यास सहकार्य कोठे साधले, कोठे अपुरे राहिले आणि भाषा-साहित्याच्या अभ्यासकाचे त्यात नेमके कोणते स्थान आहे, हे स्पष्ट होऊ शकते.

१. एक स्थळ, अनेक नावे

गावाने एखाद्या दैवताच्या नावे राखलेले रान म्हणजे देवराई. काही ठिकाणी ती चार-सहा जुन्या झाडांपुरती असते, तर काही ठिकाणी कित्येक एकरांवर पसरलेली असते. तिच्यात वाघजाई, काळकाई, सोमजाई, भैरी, म्हसोबा यांसारख्या दैवताचे ठाणे असते. तेथे कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा नियम सामान्यतः आढळतो. मात्र वाळलेले लाकूड, पालापाचोळा, फळे किंवा औषधी साल यांविषयीचे संकेत गावागणिक बदलतात.

घाटमाथ्यावर ‘देवराई’ हा शब्द रूढ आहे. कोकणात ‘देवरहाटी’ किंवा नुसते ‘राहाटी’ म्हणतात, तर गोव्यात ‘देवराय’. हा केवळ उच्चारभेद आहे असे मानून चालणार नाही. ‘राई’ या शब्दात दाट झाडीचा अर्थ प्रधान आहे. ‘आमराई’मध्ये तोच दिसतो. दक्षिण कोकणात मात्र ‘गावरहाटी’ ही संज्ञा गावाच्या संपूर्ण रूढ व्यवस्थेला लावली जाते. दैवते, मानकरी, गुरव, त्यांचे मान आणि कर्तव्ये हे सर्व तिच्यात येते. तेथील देवरहाटी ही त्या व्यवस्थेचाच भाग असते. एकाच प्रकारच्या स्थळाकडे एक बोली झाडीच्या अंगाने पाहते आणि दुसऱ्या बोलीत त्याचे नाव व्यवस्थेच्या शेजारी जाऊन बसते. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘स्थानिक नाव’ या रकान्यात दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले गेले, की हा फरक नाहीसा होतो.

अभ्यासशाखांच्या शब्दांचीही हीच गत आहे. वनस्पतिशास्त्राच्या वहीत देवराई म्हणजे विशिष्ट जातींचा वनस्पतिसमूह. महसुली दप्तरात ती कोठे देवस्थान इनाम, कोठे सरकारी वन, तर कोठे खाजगी मालकीची जमीन असते. लोकसाहित्याचा अभ्यासक तिच्याकडे दैवतकथेचे स्थळ म्हणून पाहतो. या तिन्ही नोंदी खऱ्या आहेत. परंतु त्या एकमेकींसमोर ठेवल्याखेरीज ते रान का टिकले आणि आता का तुटत आहे, याचा उलगडा होत नाही.

२. अभ्यासाचे प्रवाह

या विषयाची पूर्वपीठिका पाहताना दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा उल्लेख करावा लागतो. गणित हे ज्यांचे मूळ क्षेत्र होते, त्या कोसंबींनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून मातृदेवतांची ठाणी, जुन्या वाटा आणि सूक्ष्मास्त्रे यांची सांगड घातली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांची ही पद्धती दिसते. दैवताचे ठाणे कोठे आहे, हा भूगोलाचाही प्रश्न आहे, हे त्यांच्या लेखनाने दाखवून दिले.

देवरायांचा परिसरविज्ञानाच्या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो १९७० च्या दशकात. माधव गाडगीळ हे गणिती परिसरविज्ञानाचे शिक्षण घेऊन १९७१ मध्ये भारतात परतले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत काम करू लागले. तेथेच वा. द. वर्तक हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. प्रतिरूपे आणि समीकरणे यांत रमणारा एक अभ्यासक आणि सह्याद्रीतील वनस्पती प्रत्यक्ष पाहून ओळखणारा दुसरा, असा हा योग होता. गाडगीळ १९७३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले, तरी संयुक्त लेखन थांबले नाही. देवरायांच्या रक्षणाची निकड मांडणारा त्यांचा निबंध १९७५ मध्ये ‘जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त आणि पश्चिम घाटातील देवरायांवरील निबंध १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’त आला.

याच काळात दुसरा एक प्रवाह भाषा आणि धर्म यांच्या अभ्यासातून वाहत होता. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील जर्मन ग्रंथ १९७६ मध्येच प्रसिद्ध झाला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ मध्ये आला. धनगरांच्या ओव्या आणि कथा ध्वनिमुद्रित करून, त्यांतील शब्द तपासून सोंथायमर यांनी ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ या दोन संकल्पनांचे नाते मांडले. नांगराखालची, वसलेली भूमी म्हणजे क्षेत्र. तिच्या पलीकडील, भयकारी तरीही सुफल अशी भूमी म्हणजे वन. रानातले दैवत गावात येते, गावाची यात्रा पुन्हा रानाकडे जाते. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे गवळी-धनगरांच्या दैवताशी असलेले नाते शोधले, तेही याच परंपरेत बसणारे आहे.

येथे एक योगायोग लक्षणीय ठरतो. गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये गवळी धनगरांच्या परिसरविज्ञानावर निबंध लिहिला. डोंगरमाथ्यावर म्हशी पाळणारे गवळी आणि खोऱ्यात शेती करणारे कुणबी यांच्यात साधनसंपत्तीची वाटणी कशी झाली होती, हे त्यात दाखविले आहे. म्हणजे पशुपालक समाज आणि डोंगर यांच्या नात्याचा एकाच दशकाच्या अंतरात दोन वाटांनी शोध घेतला गेला. एका वाटेवर ओवी हे साधन होते, दुसऱ्या वाटेवर चारा, जनावरे आणि वस्त्यांतील अंतर. हे अभ्यास भिन्न नियतकालिकांत व ग्रंथमालांत, भिन्न वाचकांपुढे गेले. ते एकत्र वाचण्याचे काम पुष्कळसे अद्याप बाकी आहे.

३. कौल : एका प्रश्नाचे तीन भाग

सहकार्याची गरज कोठे निर्माण होते, हे एका उदाहरणाने दाखविता येईल. अनेक गावांत देवराईतील झाड तोडावयाचे झाल्यास दैवताचा कौल घेतला जातो. गुरव दैवताला फुले किंवा तांदूळ लावतो, गाऱ्हाणे घालतो आणि उजवा वा डावा कौल पाहून निर्णय होतो.

परिसरविज्ञानाच्या दृष्टीने ही साधनसंपत्तीच्या वापरावरील मर्यादा आहे. प्रत्येक मागणी मान्य होत नाही. म्हणून तोड मंदावते. समाजशास्त्रज्ञ विचारतो, कौल मागण्याचा अधिकार कोणाला? मानकऱ्यांना, की गावाच्या कडेला राहणाऱ्या समाजांनाही? देवराईत प्रवेश कोणाला आहे आणि स्त्रियांना कोठपर्यंत आहे? भाषेचा अभ्यासक गाऱ्हाण्याच्या संहितेकडे वळतो. तिच्यात दैवतांना कोणत्या क्रमाने हाक घातली जाते, कोणाचे नाव येते आणि कोणाचे गाळले जाते, हे पाहतो. समाजशास्त्रज्ञाच्या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा या संहितेतच असते, आणि त्या उत्तरावाचून परिसरविज्ञानाचे अनुमान एकांगी राहते. कारण जो नियम सर्वांना सारखा लागू नाही, त्याला ‘गावाचे शहाणपण’ म्हणताना गाव म्हणजे कोण, हे सांगावे लागते.

अशा मतभेदांना सहकार्यात जागा हवी. केरळमधील ‘कावू’ या देववनांचा अभ्यास करणारे जे. रिचर्डसन फ्रीमन यांनी १९९९ मध्ये असे प्रतिपादन केले, की ही वने निसर्गरक्षणाच्या हेतूने राखली गेली असे मानणे म्हणजे आजची कल्पना भूतकाळावर लादणे होय. त्यांचे नाते दैवताच्या आणि सत्ताधाऱ्याच्या स्वामित्वाशी आहे. या आक्षेपाने वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नोंदी खोट्या ठरत नाहीत. रान टिकले हे खरेच. परंतु परिणाम आणि हेतू यांत अंतर करावे लागते. हेतूचा शोध घ्यावयाचा तर लोकांच्या शब्दांशिवाय साधन नाही.

‘जीर्णोद्धार’ या शब्दाचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतील मोठी झाडे विकली गेल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदविली आहेत. परिसरविज्ञानाच्या लेखी ही श्रद्धेची झीज आहे. गावाच्या लेखी ते पुण्यकर्म असते. देवाचे होते ते देवालाच दिले, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद न समजता काढलेले पत्रक त्या गावात परिणामकारक ठरण्याची शक्यता कमी.

४. वर्गीकरणाचे परिणाम

विकासविषयक धोरण ठरविताना शब्दांचे परिणाम जमिनीवर होतात. पश्चिम घाट परिसरविज्ञान तज्ज्ञ गटाने (गाडगीळ समिती) ऑगस्ट २०११ मध्ये आपला अहवाल दिला. तो मे २०१२ मध्ये जाहीर झाला. त्यानंतर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला. पहिल्या गटाने सुमारे ९ किलोमीटर बाजूच्या चौकटींत घाटाचे मूल्यमापन केले. दुसऱ्याने २४ मीटर सूक्ष्मतेची उपग्रहचित्रे वापरून गाव हे एकक धरले.

कस्तुरीरंगन अहवालाने घाटाची ‘नैसर्गिक भूदृश्य’ आणि ‘सांस्कृतिक भूदृश्य’ अशी विभागणी केली. वस्त्या, शेती आणि मळे यांचा प्रदेश सांस्कृतिक. तो सुमारे ६० टक्के भरला. साहित्याच्या अभ्यासकाला ‘सांस्कृतिक’ या शब्दाचा हा वापर खटकल्यावाचून राहत नाही. देवराई कोणत्या बाजूला पडते? तिच्यातील झाडी नैसर्गिक आहे, तर तिचे अस्तित्व संस्कृतीमुळे आहे. शिवाय २४ मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्र ५७६ चौरस मीटर होते; अर्ध्या एकराची देवराई अशा साडेतीन चौरसांत सामावते. भोवती शेते असतील, तर नकाशावर ती सहज शेतात मिसळून जाऊ शकते. येथे तंत्रज्ञानाची सूक्ष्मता वाढवून काही भाग सुटेल. उरलेला भाग संकल्पनेचा आहे.

५. नोंदवही आणि तिची भाषा

जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. त्याखालील २००४ च्या नियमांत स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद होती. तिच्यात जैविक संसाधनांबरोबर त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानाचीही नोंद अपेक्षित आहे. गावोगावच्या भाषेत परिसराची नोंद होण्याची अशी संधी पूर्वी क्वचितच आली असेल. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० च्या आरंभीची मुदत घातल्यानंतर देशभर नोंदवह्यांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु रकाने भरण्याच्या घाईत ज्ञान हे वाक्यांत, म्हणींत, निषेधांत आणि कथांत असते, याचा विसर पडण्याचा धोका राहतो. ‘उपयोग : औषधी’ एवढ्या नोंदीतून साल कोणी, कोणत्या दिवशी, काय म्हणून काढावयाची आणि किती ठेवावयाची, हे कळत नाही.

महाविद्यालयांच्या मराठी विभागांना येथे निश्चित काम आहे आणि ते मोठ्या अनुदानाची वाट पाहणारे नाही. एकाच तालुक्यातील मराठी आणि वनस्पतिशास्त्र या विषयांचे विद्यार्थी एकाच दिवशी, एकाच देवराईत जाऊ शकतात. वाळवून ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक आणि त्या झाडाविषयीच्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक परस्परांच्या वहीत लिहिला, तर पुढील अभ्यासकाला दोन्ही पुरावे जोडता येतील. नावांचे पाठभेद ‘शुद्ध’ न करता गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचा समाज यांसह नोंदवावेत. कथेची दोन रूपे मिळाली तर दोन्ही ठेवावीत. संहिताचिकित्सेची ही शिस्त साहित्याच्या विद्यार्थ्याकडे असते, इतरांकडे ती असेलच असे नाही. सांगणाऱ्याची संमती घ्यावी, त्याचे नाव द्यावयाचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे आणि जे ज्ञान गावाबाहेर जाऊ नये असे गाव म्हणेल, ते छापू नये.

संस्थांच्या पातळीवरील अडचणी खऱ्या आहेत. विज्ञानशाखांत अनेक लेखकांचा निबंध स्वाभाविक मानला जातो. साहित्यशाखेत एकट्याचे लेखन हेच प्रमाण. इंग्रजी नियतकालिकातील निबंधाला मिळणारे मोल मराठी नोंदीला मिळत नाही. म्हणून कोणाचे नाव कोठे येईल, सामग्री कोणत्या दोन संस्थांत ठेवली जाईल आणि तिची मराठी प्रत ग्रामपंचायतीकडे केव्हा जाईल, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरविणे श्रेयस्कर. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या गावाच्या शब्दांवर अभ्यास उभा राहिला, त्या गावाला तो वाचता आला पाहिजे. त्यातील चूक दाखविण्याचा पहिला अधिकारही त्या गावाचाच आहे.