घरातली कचेरी
२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुण्या-मुंबईच्या असंख्य नोकरदारांच्या कचेऱ्या एका रात्रीत जेवणाच्या टेबलावर येऊन बसल्या. तेव्हा ध्यानात आले की, ज्या लोकलच्या प्रवासाला आपण जन्मभर दूषणे दिली, तोच प्रवास गृहस्थाचा नोकरदार आणि नोकरदाराचा पुन्हा गृहस्थ करीत असे.

तो संधिकाल नाहीसा झाला की काम दिवसभर रेंगाळते. म्हणून स्नान करून, इस्त्रीचा सदरा चढवून, रोज खिडकीजवळच्या एकाच खुर्चीवर बसण्याचा शिरस्ता मी पाडला. अवघड मजकूर कुकरची पहिली शिट्टी होण्यापूर्वी हातावेगळा करावयाचा, पत्रोत्तरे व हिशेब दुपारच्या सुस्तीसाठी राखावयाचे, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावयाचा, कारण भंगलेली एकाग्रता पुन्हा जुळावयास बराच अवधी लागतो.

मात्र जेथे खोली एकच आणि पदरी लहान मूल, तेथे हे स्वास्थ्य स्त्रीला बहुधा लाभत नाही. तिच्या कामाचे तास घरच्यांनी कचेरीच्या तासांइतकेच प्रमाण मानल्यावाचून सारे उपाय निष्फळ होत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायंकाळी सहाच्या ठोक्याला मी दप्तर कपाटात ठेवतो, चपला पायांत सरकवतो आणि कोपऱ्यावरच्या वडापर्यंत चालून येतो.