पाचगणीचा पियानोवाला आणि लंडनची निळी पाटी

पॅरिसच्या द्रुओ रस्त्यावर एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर पूर्वी मिनी-गोल्फ खेळायची जागा होती. तिथे ज्यूकबॉक्स आला, त्यामागोमाग तरुण पोरं आली आणि गोल्फ कधी मागे पडला ते कळलंच नाही. शुक्रवारी हौशी गाणाऱ्यांना मंच मिळू लागला. झाँ-फिलिप स्मेट नावाचा मुलगा याच अड्ड्यातला. १९६० मध्ये त्याची पहिली रेकॉर्ड आली आणि जॉनी हॅलिडे या नावानं तो पुढची पन्नासहून जास्त वर्षं फ्रान्सचा रॉकसम्राट राहिला. ‘गोल्फ-द्रुओ’ १९८१ मध्ये बंद पडलं. त्या इमारतीवर आता पाटी आहे: फ्रेंच रॉकनं बाळसं धरलं ते इथे.

अशा पाट्या मला फार आवडतात. माणूस शिखरावर पोचल्यावर त्याचे पुतळे सगळेच उभारतात. तो पायथ्याशी धडपडत होता ती जागा जपायला मात्र खरी माया लागते. आणि अशी एक जागा आपल्या महाराष्ट्रात आहे, साक्षात पाचगणीत!

झांझिबारमध्ये ५ सप्टेंबर १९४६ ला जन्मलेला फारोख बुलसारा आठेक वर्षांचा असताना सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला. आईवडील बोमी आणि जेर समुद्रापलीकडे, आजी आणि मावशी मुंबईत. शाळेत तो ‘फ्रेडी’ झाला; ‘क्वीन’ या रॉक बँडचा फ्रेडी मर्क्युरी तो हाच. पुढच्या मोठ्या दातांमुळे मुलं त्याला ‘बकी’ म्हणून चिडवायची. हा मुलगा टेबल टेनिस झकास खेळायचा आणि एकदा ऐकलेलं गाणं पियानोवर वाजवून दाखवायचा. १९५८ मध्ये, फ्रेडीच्या बाराव्या वर्षी, त्याच्यासह पाच जणांनी बँड काढला: ‘द हेक्टिक्स’. एल्व्हिस, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी सह्याद्रीच्या थंड हवेत घुमू लागली.

आता गंमत ऐका. या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच! गायचा ब्रूस मरे, फ्रेडी पियानोवर. पुढे ज्याच्या आवाजावर वेम्ब्लीचं मैदान डोलणार होतं, तो इथे साथीला बसला होता. बाकीच्यांचं पुढे काय झालं तेही भन्नाट आहे. गिटारवाला डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये नट झाला. १९८५ च्या ‘माय ब्युटिफुल लाँड्रेट’मध्ये तो दिसतो. बेसवाल्या फरांग इराणीनं पुण्यात सिझलर्सचं हॉटेल चालवलं. आणि ड्रम बडवणारा व्हिक्टरी राणा? तो नेपाळच्या सैन्यात मेजर जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुखही. शाळेच्या एका बँडमधून रॉकस्टार, नट, हॉटेलवाला आणि सेनापती निघाले, हे कादंबरीत वाचलं असतं तर पटलं नसतं.

जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली. बुलसारा कुटुंब जीव मुठीत धरून निघालं आणि लंडनजवळच्या फेल्टममध्ये पोचलं. २२, ग्लॅडस्टोन अॅव्हेन्यू हे त्यांचं साधंसं घर. इथून फ्रेडी चित्रकला शिकायला जायचा आणि पैशासाठी हीथ्रो विमानतळावर सामान उचलायचा. ‘क्वीन’चं राजचिन्ह त्यानं स्वतः रेखाटलं, चारही सदस्यांच्या राशी त्यात गुंफून. गिटारवादक ब्रायन मे याचं घरही फेल्टममध्येच, अगदी हाकेच्या अंतरावर. पण दोघांची ओळख व्हायला काही वर्षं जावी लागली.

या घरावर १ सप्टेंबर २०१६ ला ‘इंग्लिश हेरिटेज’ची निळी पाटी लागली. अनावरणाला ब्रायन मे आणि फ्रेडीची बहीण कश्मिरा हजर होते. पाटीवर ‘फ्रेडी मर्क्युरी’च्या खाली ‘फ्रेड बुलसारा’ हे नावही कोरलंय. आईवडिलांचं आडनाव तिथे राहिलं याचा मला मनापासून आनंद वाटतो.

या निळ्या पाट्यांचे नियम कडक. माणूस जाऊन २० वर्षं झालेली हवीत आणि तो राहिला ती वास्तू जागेवर उभी हवी. फ्रेडी १९९१ मध्ये गेला, म्हणजे २०११ च्या आधी त्याचा विचारही झाला नसता. योजना १८६६ ची. पहिली पाटी १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागली, आणि ते घर नंतर पाडलं गेलं! लंडनच्या ब्रूक स्ट्रीटवर तर कमालच आहे. २५ नंबरला अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल राहायचा, शेजारच्या २३ नंबरला १९६८-६९ मध्ये जिमी हेंड्रिक्स. मध्ये एक भिंत. दोन्ही घरांवर निळी पाटी आहे.

मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात रुडयार्ड किपलिंगच्या जन्माची पाटी आहे, ३० डिसेंबर १८६५ ही तारीख सांगणारी. पण पाटी ज्या लाकडी बंगल्यावर आहे तो बंगला किपलिंगच्या जन्मानंतर बांधला गेला. जागा तीच, घर दुसरं. लंडनच्या नियमात ही पाटी बसली नसती.

लंडनमध्ये आपल्या माणसांच्या पाट्याही आहेत. किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं आणि स्मारक केलं. दादाभाई नौरोजींची पाटी २०२२ ची. हायगेटमध्ये सावरकरांची. आणि हॉवली प्लेसवर लोकमान्य टिळकांची, इंग्रज पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते १९१८-१९ मध्ये तिथे होते म्हणून.

टिळकांचं नाव निघालं की आम्हा यवतमाळकरांना बापूजी अणे आठवणारच. वणीत १८८० मध्ये जन्मलेले हे टिळकनिष्ठ लोकनायक पुढे बिहारचे राज्यपाल झाले, पण मला त्यांची दुसरी कमाई मोठी वाटते: टिळकांचं अख्खं चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहिलं. त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही त्यांच्या पश्चात, कारण ते २६ जानेवारी १९६८ लाच गेले होते. त्याच १९७३ मध्ये यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष होते ‘गीतरामायण’कार ग. दि. माडगूळकर. जिल्ह्यासाठी काय वर्ष होतं ते!

आणि ‘इथे सुरुवात झाली’ असं सांगणाऱ्या पाटीचा मान आमच्याकडे कुणाला द्यायचाच, तर माझं मत आर्णीला. मुंबई-पुण्याच्या दिव्यांपासून लांब, आमच्या जिल्ह्यातल्या या गावात सुधाकर कदम संगीतशिक्षक होते. मराठीत गझल लिहिली जात होती, पण निव्वळ मराठी गझलांची मैफल ऐकायची सवय श्रोत्यांना नव्हती. कदमांनी चाली बांधल्या, पेटी पुढ्यात घेतली आणि सुरेश भटांच्या गझला गात गावोगाव कार्यक्रम केले. निवेदनाला खुद्द सुरेश भट! शायर शेजारी बसून बोलतोय आणि गायक त्याचाच शेर सुरात उचलतोय, अशी मैफल त्या काळी विदर्भानं ऐकली. आर्णीच्या शाळेच्या भिंतीवर एवढं लिहायला फूटभर दगड पुरेल.