बँकेतली शिल्लक

सकाळी साडेसात. मार्चचा शेवटचा आठवडा. ऊन चढलं की मोताळ्यात घरी माणूस सापडत नाही. कोणी शेतात, कोणी मलकापूर नाहीतर बुलढाण्याच्या गाडीत. म्हणून नगरपंचायतीच्या घरपट्टीची मागणी बिलं आणि पावतीपुस्तक घेऊन मी चहा झाला की निघतो. गावाचे १७ प्रभाग, वसुलीला माणसं थोडी.

पहिल्याच ओट्यावर आजोबा म्हणतात, "कापूस घरातच हाय, भाऊ. इकला की देतो." खरंच सांगतात, दारातून ढीग दिसतो. पण थकलेल्या घरपट्टीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. चार हजार थकले तर वर्षाला ९६० रुपये वर. मी ओट्यावर बसून हिशोब मांडून दाखवतो. "मंग दोन हजार आज घ्या," म्हणतात. मी पावती फाडतो. जप्तीची भाषा मला आवडत नाही. हिशोब समजला की बहुतेक माणूस काहीतरी देतोच.

साडेदहा. कार्यालयात आधी किर्द, मग कर आकारणीच्या नोंदी. एका घराची नोंद अजून ग्रामपंचायतीच्या काळातली, नमुना आठमधली: मातीचं घर. तिथं आता स्लॅबचा मजला आहे आणि खाली दोन दुकानं. फेरआकारणीसाठी कागद बाजूला ठेवतो.

दोन. डबा खाऊन लेखा शाखेत बसतो. दिवसाचा खरा कस इथं लागतो. लोक विचारतात, नगरपंचायतीच्या खात्यात एवढे पैसे आहेत, मग नाली का होत नाही? त्यांना शिल्लक दिसते, तिच्यावरची नावं दिसत नाहीत. त्यात ठेकेदारांची अनामत असते, ती परत करायची. योजनेचा निधी असतो, तो त्याच कामाला लागतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातले ६० टक्के बांधलेले होते: निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. उरलेले ४० टक्के मोकळे म्हणायचे, पण त्यातूनही पगार करता येत नव्हता.

आणि कर्ज? छोट्या गावाचं कर्ज कर्जाच्या वहीत क्वचितच सापडतं. ते दिव्यांच्या आणि पाणीपंपाच्या थकलेल्या वीजबिलात असतं, टेबलावर पडून राहिलेल्या देयकात असतं. रोकड वहीत ते दिसतच नाही, कारण पैसा गेलेलाच नसतो. म्हणूनच मला उपार्जन तत्त्वावरच्या दुहेरी नोंद पद्धतीचं मोल वाटतं: बिल आलं त्या दिवशी ते देणं म्हणून लिहावं लागतं, भरलं त्या दिवशी नव्हे.

या सगळ्या वजावटीनंतर जे उरतं, ते गावाचं स्वतःचं. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजाराची वसुली. रात्री विझलेला दिवा बदलायचा तर त्यातूनच.

साडेपाच. एक ताई धापा टाकत येतात, कनवटीला नोटा. "खिडकी बंद झाली का वं भाऊ?" नाही झाली. मागची थकबाकी आधी वळती करून चालूची पावती देतो. त्या पावती दोनदा वाचतात, घडी घालून पदरात बांधतात.

सात. रोकड मोजतो, पावत्यांशी जुळते. उद्या सकाळी आजोबांच्या पलीकडची आळी.