नेम एका गोळीचा नसतो

मुरबाड तालुक्यातली म्हशाची जत्रा असो की शहापूर भागातला एखादा उरूस, फुगे फोडायचा स्टॉल असतोच. दहा छऱ्यांत आठ फुगे फुटले की भोवतीची पोरं म्हणतात, ‘याचा नेम पक्का!’ रायफल नेमबाजीची कसोटी मात्र फार निराळी. 10 मीटर एअर रायफलच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका असतो 0.5 मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. त्यावर उभ्याने 60 छरे मारायचे, तेही सव्वा तासात.

या खेळात मराठी मुलामुलींनी जग जिंकलं आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं. तरी शहापूर तालुक्यातल्या आटगावच्या नाक्यावर काय किंवा ठाण्यात काय, नेमाविषयी त्याच जुन्या समजुती ऐकू येतात.

गैरसमज: नेमबाजाचा हात दगडासारखा स्थिर हवा आणि दंडात ताकद हवी.

वस्तुस्थिती: स्थिर हात कुणाचाच नसतो. श्वास चालू असतो, हृदयाचे ठोके चालू असतात. एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत आणि 50 मीटरच्या रायफलचं आठ किलोपर्यंत असू शकतं. ते स्नायूंवर पेललं की थोड्याच वेळात थरथर सुरू होते. म्हणून उभ्याने मारताना उजव्या हाताचा नेमबाज डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि रायफलचा भार हाडांवरून थेट पायात उतरवतो.

पवित्रा जमला की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. रायफल निशाणावर धरा, डोळे मिटा, अंग सैल सोडा, मग डोळे उघडा. रायफल डावीकडे गेलेली दिसली, तर हाताने ढकलून जागेवर आणू नका. पाय किंचित सरकवा. हाताने ढकललेली रायफल ट्रिगर दाबण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परतू पाहते.

गैरसमज: एक डोळा घट्ट मिटला की नेम चांगला लागतो.

वस्तुस्थिती: एक डोळा आवळून धरला की चेहऱ्यावर ताण येतो आणि दुसराही डोळा लवकर दमतो. म्हणून बरेच नेमबाज दोन्ही डोळे उघडे ठेवतात आणि नको असलेल्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावतात. ऑलिंपिक प्रकारांत दुर्बीण चालत नाही. मागच्या साईटच्या बारीक भोकातून पुढची कडी पाहायची आणि त्या कडीत निशाणाचं काळं वर्तुळ मधोमध बसवायचं.

इथे चुकीला जागा किती, तेही पाहा. दोन साईटमधलं अंतर 80 सेंटिमीटर धरलं, तर पुढचं टोक 0.2 मिलिमीटर हललं की 10 मीटरवर छरा अडीच मिलिमीटर सरकतो. तेवढ्यावर दहाचा नऊ होतो.

गैरसमज: श्वास रोखून जितका वेळ नेम धराल तितका तो पक्का.

वस्तुस्थिती: श्वास सोडल्यावर पुढचा घेण्याआधी शरीर आपणहून क्षणभर थांबतं. ती विश्रांती थोडी लांबवायची, एवढंच. नेम धरल्यावर आठ-दहा सेकंदांत ट्रिगर सुटला नाही, तर नजर धूसर व्हायला लागते आणि स्नायू कापू लागतात. अशा वेळी रायफल खाली घेणं शहाणपणाचं. नवशिक्याला ‘आता सोडूनच टाकू’ असं वाटतं, आणि नेमका तोच छरा बाहेर जातो.

गैरसमज: ट्रिगर दाबला की काम संपलं.

वस्तुस्थिती: ट्रिगर सुटल्यानंतर छरा नळीबाहेर पडायला काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात मान उचलून ‘कुठे लागला?’ पाहायला गेलात, तर नळीही हलते. छरा गेल्यावरही एक-दोन सेकंद गाल, खांदा, नजर जागच्या जागी ठेवणं याला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. ट्रिगरही झटक्याने ओढायचा नसतो. बोटाचा दाब सरळ मागे, हळूहळू वाढवायचा.

गैरसमज: छरा बाजूला लागला की लगेच साईट फिरवावी.

वस्तुस्थिती: एका छऱ्यावरून काहीच कळत नाही. एनसीसीच्या कॅम्पात पाच गोळ्यांचा ‘ग्रुप’ बघतात तो याचसाठी. पाचही गोळ्या डाव्या कोपऱ्यात पण एकमेकींना चिकटून लागल्या, तर नेमबाज ठीक आहे, साईट चुकली आहे; दोन-चार क्लिकमध्ये काम भागतं. पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या, तर साईट कितीही फिरवा, उपयोग नाही. दोष पवित्र्यात, श्वासात किंवा ट्रिगरवर आहे. 50 मीटरवर वाऱ्याचाही हिशेब करावा लागतो, म्हणून रेंजवर छोटे झेंडे लावलेले असतात.

गैरसमज: महागडी रायफल घेतली की गुण वाढतात.

वस्तुस्थिती: चांगली रायफल लागतेच, पण ती अंगाला बसलेली हवी. गाल टेकवायची पट्टी आणि खांद्याला लागणारी बट प्लेट आपल्या मापाला लावली नाही, तर डोळा दर वेळी साईटमागे वेगळ्या जागी येतो. शिवाय एकाच कंपनीच्या गोळ्यांचा एक लॉट एखाद्या नळीतून दाट ग्रुप देतो आणि दुसरा विखुरलेला. म्हणून मोठे नेमबाज लॉट तपासून मगच गोळ्या घेतात.

गैरसमज: जितके छरे उडवाल तितका सराव.

वस्तुस्थिती: सरावाचा मोठा भाग छऱ्याविना होतो. याला ‘ड्राय फायरिंग’ म्हणतात. पवित्रा, श्वास, ट्रिगर, फॉलो थ्रू, सगळं तसंच. फक्त नळी रिकामी. धक्का नसल्याने ट्रिगरच्या क्षणी रायफल कुठे हलली ते स्वच्छ दिसतं. मात्र जत्रेतल्यासारखी स्प्रिंगची एअरगन रिकामी उडवू नये, तिचा पिस्टन खराब होतो. आणि रानात पाखरांवर नेम धरणं हा सराव नव्हे. आटगावजवळच तानसा अभयारण्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, बंदूक छऱ्याची असली तरी.

गैरसमज: मोठा नेमबाज कधी चुकत नाही.

वस्तुस्थिती: याचं उत्तर पॅरिसच्या अंतिम फेरीतच आहे. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. आटगावकर ज्या मध्य रेल्वेच्या कसारा लोकलने रोज ये-जा करतात, त्याच मध्य रेल्वेत तो टीसी होता. 50 मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत 600 पैकी 590 गुण मिळवून तो सातवा आला होता. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि एका गोळीला दहाच्या वरही मिळतात. तिथे गुडघ्यावर बसून 15 गोळ्यांत 153.3 आणि झोपून 15 गोळ्यांत 156.8 गुण झाले. मग सर्वांत अवघड उभा पवित्रा. शेवटच्या चार गोळ्या होत्या 10.5, 9.4, 9.9 आणि 10.0.

9.4 म्हणजे गोळी केंद्रापासून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास दूर गेली. तेही पदक ठरत असताना. पण त्या गोळीने पुढची बिघडवली नाही. एकूण 44 गोळ्यांत 451.4 गुण, म्हणजे सरासरी जवळपास 10.26. पदक आलं ते या सरासरीने.

नव्याने रायफल हातात घेणाऱ्याने म्हणूनच वहीत आपला सर्वांत चांगला छरा लिहू नये. रोजच्या ग्रुपची रुंदी लिहावी. महिन्याभरात ती कमी होत गेली, तर नेम सुधारतो आहे. होत नसेल, तर नवी साईट विकत घेण्याआधी आपण पाय कसे ठेवतो ते प्रशिक्षकाला दाखवावं.