मुळशीचे पाणी आणि लॅपटॉपची ऊब

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पश्चिमेस मुळा नदीवरील धरण आहे, ज्याचे पाणी सह्याद्रीचा कडा उतरून सुमारे 500 मीटर खाली, भिरा येथे 1927 मध्ये सुरू झालेल्या वीजकेंद्रात पोहोचते. आणि तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे, जिथे दिवसभर असंख्य लॅपटॉप चालू असतात. भिऱ्याची वीज मुख्यतः मुंबईकडे जाते, आणि या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह उभारला होता, हे विसरून या विजेचा हिशेब मांडणे अन्यायाचे ठरेल. तरीही हा हिशेब उद्बोधक आहे. 30 वॉट वीज घेणारा लॅपटॉप तासाभरात 1 लाख 8 हजार ज्यूल ऊर्जा वापरतो, आणि तेवढ्या ऊर्जेसाठी, वाटेतील घट धरली नाही तरी, सुमारे 22 लिटर पाण्याला तो कडा उतरावा लागतो.

ही ऊर्जा अखेर जवळजवळ सगळीच उष्णता होते. गणिताच्या उत्तरात ऊर्जा धरणातील पाण्याप्रमाणे साठून राहत नाही. पडद्याचा प्रकाशही भिंतीत शोषला जाऊन तिला किंचित ऊब देतो.

उष्णतेचा मुख्य उगम प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी चिप, हा होय. तिच्यातील अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेने उघडझाप करणारे अतिसूक्ष्म स्विच, 0 चा 1 आणि 1 चा 0 करताना दर वेळी अल्पसा विद्युतभार भरतात आणि सोडतात, आणि त्या प्रवाहाला होणाऱ्या रोधातून उष्णता निर्माण होते. ही उष्णता उघडझापीच्या वेगाच्या प्रमाणात, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणूनच व्होल्टेज कमी करणे हा अभियंत्यांचा सर्वांत प्रभावी उपाय राहिला. मात्र 2005 च्या सुमारास त्याची मर्यादा आली, कारण ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून प्रवाह झिरपू लागला. तेव्हापासून वेग वाढवण्याऐवजी एका चिपवर अनेक गणनाकेंद्रे बसवली जाऊ लागली.

चिपवरची उष्णता तांब्याच्या बंद नळीत नेली जाते, जिच्यातील थोडेसे पाणी कमी दाबामुळे सहज वाफ होऊन दुसऱ्या टोकाला पंख्यापाशी पुन्हा द्रवरूप होते. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचे खालचे झरोके झाकले गेले, की ही वाट खुंटते, आणि तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचू लागताच प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणहून कमी करतो.